सतरावा मजला, तिसरा दाखला

लिफ्टच्या दारावरचा कागद चार चिकटपट्ट्यांनी लावलेला होता. त्यातल्या तीन पिवळ्या पडून कडांना सुटल्या होत्या. चौथी, वरच्या उजव्या कोपऱ्यातली, अगदी स्वच्छ होती. तिच्यावर धुळीचा कणही बसला नव्हता. म्हणजे कागद जुना, बिघाड नवा. दर वेळी कुणीतरी तो काढून जपून ठेवत असणार आणि गरज पडली की पुन्हा लावत असणार.

‘लिफ्ट बंद आहे’ या ओळीखाली कुणी पेन्सिलीनं विचारलं होतं, ‘कधीपासून?’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात उत्तर होतं, ‘जन्मापासून.’

एरवी यास्नाला हसू आलं असतं. आज तिनं फक्त घड्याळ पाहिलं. बारा चाळीस.

ओलिवेराबाई सतराव्या मजल्यावर राहायच्या. दीड वाजता त्यांची टॅक्सी येणार होती आणि त्या महिनाभर बहिणीकडे जाणार होत्या. त्याआधी त्यांनी यास्नाच्या दाखल्याचा जर्मन अनुवाद करून, मूळ कागदाला जोडून, शिक्का मारून द्यायचा होता. मग तीन वाजता सुटणाऱ्या, सीमेपलीकडच्या ग्राझच्या बसच्या ड्रायव्हरकडे पाकीट द्यायचं. उद्या पहाटे व्लादान तिकडे स्टँडवर उभा असेल, पाकीट घेईल आणि अकराच्या आत विवाह नोंदणी कार्यालयात पोचवेल. अकरा वाजून गेले, तर पाच जुलैची तारीख गेली.

सगळं नीट आखलेलं होतं. व्लादाननं आखलं होतं.

तिनं जिन्याकडे पाहिलं. सतरा मजले, एकेका मजल्याला अठरा पायऱ्या. तीन आठवड्यांपूर्वी सावा नदीच्या काठावर प्रयोगशाळेसाठी पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या भरताना तिचा पाय घसरला होता. घोट्याला अजून पट्टी होती आणि डॉक्टरांनी जिने टाळायला सांगितलं होतं.

“पायऱ्या मोजताय की देवाचं नाव घेताय?”

लिफ्टशेजारच्या लोखंडी दारातून आधी पाना धरलेला एक हात आला, मग ग्रीसचा पट्टा उमटलेलं कपाळ, आणि मग लिफ्ट दुरुस्त करणारा रास्तको. 

“मोजतेय,” ती म्हणाली. “तीनशे सहा.”

“या वेळी उशीर केलात. नऊ महिने झाले.”

“तुम्हीही मोजताय की!”

“लिफ्टची तपासणी दर महिन्याला असते. तुमची…” त्यानं हात फडक्याला पुसले. “मला वाटलं होतं, दर सहा महिन्यांनी.”

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती पहिल्यांदा आली, तेव्हा हीच लिफ्ट नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. दहाव्याच्या जमिनीशी वीतभर फट उघडी राहिली होती. हा लिफ्टवाला तिथं पालथा पडून चाळीस मिनिटं तिच्याशी बोलत राहिला होता, कारण सुटा भाग घेऊन त्याचा जोडीदार यायचा होता. ती घाबरू नये म्हणून त्यानं तिला तिच्या कामाबद्दल विचारलं होतं, आणि नळाच्या पाण्यात काय काय असतं हे तिनं त्याला सविस्तर सांगितलं होतं. शेवटी त्यानं नाव विचारलं. अहवालात लिहावं लागतं, म्हणाला.

दुसरी खेप सप्टेंबरात झाली. लिफ्ट चालू होती, पण तो तपासणीला आलेला होता. “बसा आत, मी वरून चालवतो,” असं म्हणून तो लिफ्टच्या टपावर चढला. ती आत, तो टपावर, मध्ये एक पत्रा. जाळीच्या भोकांतून त्याचा आवाज खाली येत होता. हे नियमाला धरून नव्हतं, एवढं तिला तेव्हाही कळलं होतं.

“मला एकच्या आत सतराव्यावर पोचायचं आहे,” ती आता म्हणाली. “किती वेळ लागेल दुरुस्तीला?”

“भाग उद्या येईल.”

“उद्या चालणार नाही.”

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यानं चेष्टा केली नाही. तिच्या घोट्याच्या पट्टीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. “इमारत एकच आहे, दारं दोन. पलीकडच्या दाराची लिफ्ट चालू आहे. अठराव्यावर जाऊ, गच्चीवरून इकडे येऊ, एक मजला उतरलं की सतरावा. इथले लोक वर्षानुवर्षं हेच करतात. मागच्या हिवाळ्यात एक फ्रीज असाच गेला.”

“फ्रीज?”

“तुमच्यापेक्षा जड होता. आणि बोलतही नव्हता. चला.”

पलीकडची लिफ्ट अरुंद होती. दोघं मावत होती, पण कुठं पाहायचं हा प्रश्न होता. ती मजल्यांच्या आकड्यांकडे पाहत राहिली. बाहेरून कुणाच्या तरी घरात भाजत असलेल्या ढोबळ्या मिरच्यांचा वास आला आणि मागं राहिला. त्याच्या अंगाला ग्रीसचा आणि साबणाचा वास होता.

“पाय कसा दुखावला?”

“नदीत पाय घातला.”

“पाण्यात काय असतं हे ठाऊक असूनही?”

“ठाऊक असणं वेगळं,” ती म्हणाली, “आणि पाय घसरणं वेगळं.”

  आकडे एकेक करत पेटत गेले… पंधरा, सोळा, सतरा.

अठराव्या मजल्यावरून आणखी एक छोटा जिना गच्चीच्या दाराशी जात होता. रास्तकोनं किल्ल्यांच्या जुडग्यातली एक कुलपात घालून फिरवली, खांद्यानं दार ढकललं. ऊन अंगावर आलं. खाली नव्या बेलग्रेडच्या इमारती ओळीनं उभ्या होत्या, आणि वारा खालच्या लिंडनच्या झाडांच्या फुलोऱ्याचा वास थेट इथवर आणत होता. डांबर तापून मऊ झालं होतं; तिच्या बुटांचे ठसे उमटत होते.

पलीकडच्या टोकाला दुसरं दार होतं, गजांचं. त्याच्यापाशी पोचल्यावर रास्तकोनं एक खिसा चाचपला. मग दुसरा. मग तो जागीच थांबला.

“काय झालं?”

“किल्ल्या तिकडच्या दारातच राहिल्या. थांबा, आणतो.”

तो वळला, आणि त्याच क्षणी पलीकडचं दार धाडकन बंद झालं.

“वारा,” तो म्हणाला.

“नाही.” यास्ना ऐकत होती. “वारा दार आपटतो. कुलूप दोनदा फिरवत नाही.”

दोघं धावली, म्हणजे तो धावला, ती लंगडत गेली. दाराच्या पलीकडून सपातांचा आवाज खाली उतरत होता, आणि एक चिरका स्वर: “दारं सताड उघडी टाकतात मेले! माणसाची मान धरली म्हणजे कळेल!”

“रुझाकाकू!” रास्तको दारावर बुक्क्या मारू लागला. “काकू, आम्ही वर आहोत! किल्ल्या माझ्या आहेत!”

सपाता थांबल्या नाहीत. खाली एक दार लागलं आणि टीव्हीवरची मालिका मोठ्यानं ऐकू येऊ लागली.

“संपलं,” तो म्हणाला. “ऐकायला कमी येतं त्यांना. वाऱ्याचा झोत मात्र भिंतीपलीकडून कळतो. दोन दारं समोरासमोर उघडी दिसली की झालं! मान, दात, कान, मूत्रपिंड, सगळी दुखणी झोतानं होतात म्हणे. भावाचा घटस्फोटसुद्धा.”

“तुमचा फोन?”

“खाली. हत्यारांच्या पेटीत.”

बारा चोपन्न. यास्नानं स्वतःचा फोन काढला.   

“ओलिवेराबाई? यास्ना बोलतेय. मी आले आहे. म्हणजे… तुमच्या डोक्यावर आहे. गच्चीत. अडकलेय.”

 मग ओलिवेराबाई म्हणाल्या, “पोरी, तू पाऊल टाकलंस की या इमारतीला काही ना काही होतंच. थांब, येते.”

चार मिनिटांनी गजांच्या दारापलीकडे त्या अवतरल्या. प्रवासाचा पोशाख, ओठांना रंग, गळ्यात चष्मा, एका हाताला फायलींची पिशवी आणि दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातलं स्टूल. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंनी चाळीस वर्षं कोर्टात दुभाषाचं काम केलं होतं आणि त्यांच्यापुढे न्यायाधीशही जपून बोलत असं म्हणत.

“या दाराची किल्ली आमच्या चेअरमनकडे असते आणि तो कामावर गेलाय,” त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. “रुझाच्या सुनेला फोन केलाय. बाजारात आहे, अर्ध्या तासात येऊन उघडेल. तोवर आपलं काम करू. दे तो दाखला, गजांतून दे. दुमडू नकोस.”

यास्नानं पाकिटातून कागद काढला. रास्तको तिथंच उभा होता, तीन हातांवर. त्यानं दुसरीकडे जावं असं तिला वाटलं.

“बाई, वाचायची गरज नाही. मजकूर तोच आहे.”

“तोच असला तरी ताडून पाहायचा असतो, मोठ्यानं. चाळीस वर्षं मी असंच केलंय. तुझ्यासाठी नियम बदलू?” त्यांनी चष्मा लावला. “नाव यास्ना लाझिच. बरोबर?”

“बरोबर.”

“जन्म एकोणीस नोव्हेंबर. बरोबर. ‘दाखला देण्यात येतो की, वरील नावाची व्यक्ती अविवाहित असून, ग्राझ येथे राहणारे श्री. व्लादान तेशिच यांच्याशी विवाह करण्यास तिला कायद्याने कोणतीही आडकाठी नाही.’ बरोबर?”

एक कबूतर अँटेनावर येऊन बसलं आणि अँटेना किंचित हलली.

“पोरी, बरोबर का?”

“…बरोबर.”

“तिसरा दाखला हा.” ओलिवेराबाई चष्म्यावरून तिच्याकडे पाहत म्हणाल्या. “सहा महिन्यांची मुदत असते यांची. पहिला कुजला, दुसरा कुजला. मला काय, मी शिक्के मारते. खाली जाऊन तारीख आणि नंबर बदलते, छापते, दोरा ओवून आणते. बारा मिनिटं.”

त्या गेल्या. स्टूल राहिलं. यास्ना स्टुलाकडे पाहत राहिली, कारण दुसरीकडे पाहणं अवघड होतं.

“अभिनंदन,” रास्तको म्हणाला.

त्याच्या आवाजात टोमणा असता तर तिनं उत्तर दिलं असतं. तो नव्हता. मनापासून म्हणायचा प्रयत्न होता, आणि तो जमला नव्हता.

“मी सांगणार होते.”

“कधी? अडकला होतात तेव्हा चाळीस मिनिटं होती. क्लोरीनबद्दल सगळं सांगितलंत.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“खरं आहे. मी फक्त नाव विचारलं.” तो भिंतीच्या सावलीत जाऊन उकिडवा बसला. हातातला पाना तो उलटसुलट करत होता. “आता सांगूनच टाकतो. अहवालात नाव लागत नाही. आमच्या अहवालात लिफ्टचा नंबर असतो, बिघाड असतो आणि वेळ असते. आत कोण होतं, याला जागाच नसते.”

“ठाऊक आहे.”

“काय?”

“तुम्ही नाव कशावर लिहिलंत ते मला फटीतून दिसत होतं.” तिचा आवाज खाली गेला. “तळहातावर.”

त्यानं नकळत डाव्या हाताची मूठ मिटली. वारा जरा वाढला होता. तिच्या केसांची एक बट पुनःपुन्हा तोंडावर येत होती.

आता थांबावं, असं तिच्या मनानं एकदा सांगितलं. पण नऊ महिने एक आकडा तिच्या डोक्यात होता आणि तो तिनं कुणालाच सांगितला नव्हता.

“ही लिफ्ट सतराव्या मजल्यावर पन्नास सेकंदांत जाते,” ती म्हणाली. “सप्टेंबरात तुम्ही टपावर होतात तेव्हा दोन मिनिटं चाळीस सेकंद लागली.”

“तपासणीचा वेग तेवढाच असतो.”

“असतो. पण तपासणीच्या वेळी आत माणूस बसवत नाहीत.”

“मग तक्रार का नाही केलीत?”

तिनं दूरच्या छपरांकडे पाहिलं. “मला विचारायचं होतं… याहून हळू जाते का ती?”

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. पाना खाली ठेवून उभा राहिला, आणि पहिल्यांदाच तिला त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला.

“मग हा तिसरा दाखला कशाला आणलास?” तो म्हणाला. ‘तुम्ही’ कुठं गळून पडलं ते त्याच्याही लक्षात आलं नाही. “बारा चाळीसला आलीस, लंगडत आलीस, उद्या चालणार नाही म्हणालीस. मी तुला इथवर घेऊन आलो. मी! त्या कागदासाठी!”

“ओरडू नका.”

“ओरडत नाहीये. वारा आहे म्हणून मोठ्यानं बोलतोय.”

“ओरडताय!”

“बरं, ओरडतोय!”

अँटेनावरचं कबूतर उडालं. दोघंही त्याच्याकडे पाहत राहिली, ते दिसेनासं होईपर्यंत.

“पहिल्या वेळी मी म्हटलं, प्रयोगशाळेत माणसं कमी आहेत,” यास्ना हळूहळू सांगू लागली. ती स्वतःशीच ताडून पाहत होती जणू. “व्लादान म्हणाला, ठीक, मग शरदात करू. दुसऱ्या वेळी आईचं ऑपरेशन होतं. तो म्हणाला, ठीक, मग उन्हाळ्यात. तो चिडत नाही. चिडला असता तर बोलणं झालं असतं. तो फक्त तारीख बदलतो. यादी पाठवतो. यादीत सगळं असतं, पडद्यांचा रंगसुद्धा.”

“म्हणजे माणूस वाईट नाही.”

“मुळीच नाही. चार वर्षांत एकदाही मला दुखवलं नाही त्यानं. तेच तर. काय कारण सांगू? सगळ्यांनी विचारलं तर काय सांगू, पडद्यांचा रंग आवडला नाही?”

रास्तकोनं खाली ठेवलेला पाना उचलला. मग म्हणाला, “लिफ्टचं दार लागताना कुणी मध्ये हात घातला की ते परत उघडतं. दहा वेळा घाला, दहा वेळा उघडेल. दार काही कंटाळत नाही. मी पाहिलेत असे लोक, हात दारात आणि पाय बाहेर. आत येत नाहीत, जाऊही देत नाहीत. आणि आत एक माणूस उभा असतो, यास्ना.”

त्यानं तिचं नाव प्रथमच घेतलं होतं. तिला ते ऐकू आलं आणि त्याच्याआधीचं वाक्यही. ग्राझच्या स्टँडवर दोन वेळा कोट चढवून उभा राहिलेला व्लादान तिला दिसला. पहाटेच्या थंडीत, हातात यादी. त्याचा विचार तिनं आजवर असा केलाच नव्हता. तिला वाटायचं, आपण त्याला दुखवत नाही आहोत… फक्त थोडं थांबवत आहोत.

“तुम्ही माझ्या जागी असता तर—”

“मला विचारू नकोस,” तो चटकन म्हणाला. “मी काहीही सांगितलं तरी ते माझ्या सोयीचं असेल. माझ्या सांगण्यात खोट आहे.”

“कसली खोट?”

“तुला ठाऊक आहे कसली.”

ठाऊक होतं. सावली त्यांच्या पायांपासून दोन बोटं सरकली होती. तिच्या तोंडावर आलेली बट बाजूला करायला त्याचा हात अर्धा वर आला आणि… ग्रीस दिसताच परत खाली गेला. तिनं ते पाहिलं. हात परत गेला याचं इतकं वाईट वाटेल, असं तिला वाटलं नव्हतं.

“घे गं!” गजांपलीकडून ओलिवेराबाईंची हाक आली. “आणि डोक्याला रुमाल बांध काहीतरी, ऊन लागेल.”

कागद तयार होता. मूळ दाखला आणि अनुवाद एकत्र शिवलेले, तिरंगी दोऱ्याची टोकं मागच्या बाजूला चिकटवलेली, त्यावर गोल शिक्का. शाई अजून ओली होती.

“सही बघ, तारीख बघ. माझी टॅक्सी आली, आणि मला सतरा मजले उतरायचेत.” बाईंनी स्टूल उचललं, पण निघाल्या नाहीत. तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागं उभ्या असलेल्या लिफ्टवाल्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. “पोरी, मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोलले. खुनी माणसाचीसुद्धा, ‘मी’ म्हणून. तुला एक सांगते, चौथा दाखला मी करणार नाही. या भाषेत हो म्हण, त्या भाषेत हो म्हण, नाहीतर नाही म्हण. मधलं काही भाषांतर करता येत नाही.”

त्यांच्या टाचा जिन्यावरून वाजत उतरल्या.

दीड वाजून गेल्यावर पलीकडचं दार उघडलं. रुझाकाकूंच्या सुनेच्या पाठोपाठ स्वतः रुझाकाकू होत्या, मानेला लोकरीची शाल, बाहेर बत्तीस अंश ऊन. “तू होतास होय रे!” त्यांनी रास्तकोला किल्ल्या देता देता फटकारलं. “मग सांगायचं नाही का! आणि ही घामेजली पोरगी अशी वाऱ्यात उभी केलीस? पाठीत भरेल तिच्या! लग्नाआधीच अंथरूण धरेल!”

रास्तकोनं किल्ल्या खिशात टाकल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं.

खाली आल्यावर रास्तको कंपनीच्या गाडीचं दार उघडून म्हणाला, “बस. स्टँडवर सोडतो.”

“तुम्ही कशाला… मी ट्रामनं जाईन.”

“ट्राम पुलावर अडकते या वेळी. आणि तुझा पाय.” त्याचा चेहरा बंद होता. “लोकांना जायचं असतं तिथं पोचवणं हेच माझं काम आहे. कुठं जायचं ते मी ठरवत नाही.”

पुलावर गाड्या खरंच थांबलेल्या होत्या. सावा खाली हिरवट, संथ होती. मागं हत्यारांच्या पेटीत काहीतरी सारखं किणकिणत होतं. पाकीट यास्नाच्या मांडीवर होतं आणि तिचे दोन्ही हात पाकिटावर. दोन वाजून वीस. दोन वाजून पस्तीस.  

“एक सांगतो,” तो समोर पाहत म्हणाला, “आणि मग गप्प बसतो. बस सुटल्यावर मी स्टँडवर असेनच असं नाही. म्हणजे… असेन. पण ते धरून तू काही ठरवू नकोस. मी नाहीच असं समजून ठरव.”

“ते जमणार नाही,” ती म्हणाली.

“का?”

“तुम्ही आहात म्हणून.”

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. तेव्हा कुठं त्याला कळलं की पुढची रांग हलली आहे.

ते पोचले तेव्हा तीनला चार मिनिटं कमी होती. ग्राझची बस फलाटावर इंजिन सुरू करून थरथरत उभी होती. खाली आया लेकरांना खिडकीतून सूचना देत होत्या, कुणी बसच्या पोटातल्या कप्प्यात लोणच्यांच्या बरण्या नीट लावून घेत होतं. ड्रायव्हर जाडजूड, मिशाळ माणूस होता. त्याच्या काचेशी पाकिटांचा गठ्ठा होता, रबरानं बांधलेला.

रास्तको गाडीपाशीच थांबला. टायरकडे पाहण्याचं नाटक करत.

“ग्राझ?” ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढला. “द्या. तिकडे कोण घ्यायला येणार? नाव सांगा, फोन सांगा. मोठ्यानं सांगा, इंजिन चालू आहे.”

“व्लादान तेशिच.” तिनं पाकीट पुढं केलं.

ड्रायव्हरनं ते धरलं. तिनं सोडलं नाही.

“ताई, सोडा की.”

“एक मिनिट.”

“एक मिनिटानं मी पुढच्या चौकात असेन.”

“मग अर्धं मिनिट द्या!” तिनं पाकीट ओढून परत घेतलं, छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. व्लादान कधीच दुसरी घंटा होऊ देत नसे.

“दिलंस?” त्याचा आवाज नेहमीसारखा नीट, इस्त्री केलेला. “ड्रायव्हरचा नंबर घेतलास का? मी साडेपाचला स्टँडवर पोचतो.”

“व्लादान, नको जाऊस स्टँडवर.”

“का? बस चुकली? हरकत नाही. मी कॅलेंडर बघतोच आहे. सप्टेंबरातली बारा तारीख मोकळी आहे, शनिवार—”

“तारीख बघू नकोस.”

“काय? मागं फार आवाज आहे, ऐकू येत नाही. ऑक्टोबर म्हणालीस?”

ड्रायव्हरनं दार लावून घेतलं. बस मागं सरू लागली, इशाऱ्याचा भोंगा वाजू लागला, कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं. यास्नानं उभ्या आयुष्यात चारचौघांत आवाज चढवला नव्हता. प्रयोगशाळेत तिला दुसऱ्यांदा बोलावं लागे, इतकी ती हळू बोलायची. तिनं डोळे मिटले. श्वास घेतला. मग डोळे उघडले, कारण हे डोळे मिटून बोलायचं नव्हतं. फलाटापलीकडे टायरपाशी वाकलेला माणूस सरळ उभा राहिला होता.

“मी लग्न करणार नाही, व्लादान!” ती ओरडली, आणि फलाटावरच्या साऱ्या माना तिच्याकडे वळल्या. “सप्टेंबरात नाही, ऑक्टोबरात नाही. तुझी चूक नाही. मी दीड वर्षापूर्वीच सांगायला हवं होतं. मी तुझ्याशी लग्न करणार नाही!”